खाल्ल्या मिठाची गोष्ट

प्रिय ताई,

वय सत्तावीस. नोकरी सांभाळून एका ॲक्शन सिनेमाची पटकथा लिहितो आहे, ती सोबत जोडली आहे. नायक जगन, आबा नावाच्या टोळीप्रमुखाच्या घरात लहानाचा मोठा झाला. आबाचा सख्खा मुलगा विकी आणि जगन अगदी भावांसारखे. क्लायमॅक्सला कळतं की जगनच्या वडिलांना आबानेच मारलं होतं आणि विरुद्ध टोळी चालवणारा माणूस जगनचा सख्खा काका आहे. जगन आबाला संपवतो आणि आपल्या खऱ्या घरी जातो. चार मित्रांना वाचायला दिली. तिघांनी ट्विस्ट आधीच ओळखला. चौथ्याला ओळखता आला नाही, पण तोही म्हणाला, ‘बरं, मग?’ एका निर्मात्यांनी गोष्ट ऐकली. त्यांचं म्हणणं, शेवटी रक्ताचं नातं जिंकलंच पाहिजे, आणि फाइट्स वाढवा. सध्या सात आहेत. मला शेवट खोटा वाटतो, पण का ते सांगता येत नाही. आणखी एक. मला माझ्या मामांनी वाढवलं. वडील आहेत, पण त्यांचा दुसरा संसार आहे. घरी कुणालाच ही पटकथा दाखवलेली नाही. दाखवू का?

– एक वाचक

प्रिय मित्रा,

शेवट तुला खोटा वाटतो, कारण तो खोटाच आहे. तुझं मन तुला बरोबर सांगतंय. आणि तो खोटा का आहे, याचं उत्तरही तुझ्याच पत्रात आहे, फक्त तू ते ‘आणखी एक’ म्हणून जाता जाता लिहिलंस. मामांनी वाढवलं, ही ती ओळ.

तुझ्या पटकथेत वाढवण्याला काही किंमतच नाही. जगन वीस वर्षं आबाच्या घरात जेवला, त्याच्या हाताखाली तयार झाला, विकीच्या शेजारी झोपला. शेवटी एक म्हातारा नोकर येऊन त्याला चार वाक्यं सांगतो आणि पुढच्याच सीनमध्ये जगनच्या हातात पिस्तूल. मधे त्याच्या आत काय झालं? तू काहीच लिहिलेलं नाहीस. खरं तर असं काही कानावर आलं की माणूस आधी सांगणाऱ्यावरच चिडतो. मग ते मानायलाच तयार होत नाही. मग रात्री पडल्या पडल्या एकेक जुनी आठवण काढून उलटी करून बघतो. माझ्या तापात तो रात्रभर उशाशी बसला होता, ते मायेने की मनात काही टोचत होतं म्हणून? विकीच्या आधी मला ताट वाढायला सांगायचा, ते का? हा तपास पडद्यावर दिसला पाहिजे. तो बघायला मी तिकीट काढून येईन. बापाचा खुनी कोण, एवढंच कळण्यासाठी कुणी दोन तास बसत नाही.

या गोष्टीचा मूळपुरुष तुला शाळेपासून माहीत आहे. कर्ण. पण महाभारतात त्याचं गुपित कुठे ठेवलंय ते नीट बघ. ऐकणाऱ्याला ते आदिपर्वातच कळलेलं असतं. राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याच्या आखाड्यात कृपाचार्य कर्णाला कुळ विचारतात, त्याची मान खाली जाते, आणि दुर्योधन त्याला तिथल्या तिथे अंगदेशाचा राजा करतो. तेवढ्यात काठी टेकत, घामाघूम झालेला अधिरथ येतो, कर्णाला वाढवणारा बाप. नुकताच अभिषेक झालेला कर्ण आपलं ओलं मस्तक त्या सारथ्याच्या पायांवर ठेवतो. भीम हसतो, तू आपला चाबूकच धर म्हणतो. आणि कुंती तिथेच आहे. तिने मुलाला ओळखलंय आणि तिला तोंड उघडता येत नाही. हे गुपित आपल्याला कर्ण मेल्यावर कळलं असतं, तर हा प्रसंग नुसता एका पराक्रमी माणसाच्या अपमानाचा राहिला असता. आधी कळलेलं असतं म्हणून आपल्याला एकाच वेळी तिघांकडे बघावं लागतं, आणि तिघांचंही दुःख वेगळं.

पुढे उद्योगपर्वात, युद्धाच्या तोंडावर, कृष्ण त्याला रथात घेऊन हे सगळं उघड मांडतो आणि वर राज्य देऊ करतो. कर्ण दचकतसुद्धा नाही. मला ठाऊक आहे, म्हणतो. मग त्याचं जे उत्तर येतं ते एकदा सवड काढून पूर्ण वाच. आपण सगळे कर्ण म्हटलं की मैत्री म्हणतो, पण तो दुर्योधनाच्या आधी राधेबद्दल, त्याला वाढवणाऱ्या आईबद्दल बोलतो. मला पाहून तिला पान्हा फुटला, माझं मलमूत्र तिने काढलं. अधिरथाने माझे संस्कार केले, माझी लग्नं लावून दिली, त्या घरात मला मुलंबाळं झाली. आणि दुर्योधनाने तर माझ्या भरवशावर शस्त्र उचललंय. त्यानंतर तो कृष्णाला एक विनंती करतो: युधिष्ठिराला हे सांगू नकोस. त्याला कळलं तर तो राज्य घेणार नाही, आणि ते माझ्या हाती आलं तर मी दुर्योधनालाच देऊन टाकेन.

माणूस स्वतःला किती ओळखतो बघ. रक्त कुठलं हे त्याला माहीत आहे, आणि आपण कुणाचे आहोत हेही. हे दोन्ही एकत्र माहीत असणं, हेच जगनचं दुखणं व्हायला हवं. तू त्याला बिचाऱ्याला शेवटच्या बारा पानांपर्यंत अडाणी ठेवलंयस.

तेव्हा गुपित पुढे आण. प्रेक्षकाला ते पहिल्या वीस पानांत सांगून टाक. जगनला मध्यंतराला कळू दे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट धरतात, म्हणजे त्या माहितीसकट त्याच घरात वावरायला त्याच्याकडे तासभर राहील. मित्रांनी ट्विस्ट ओळखला म्हणून तू खट्टू झालास, पण ओळखता येणं हा दोष नाही. २००२ साली हाँगकाँगमध्ये ‘इन्फर्नल अफेअर्स’ आला. टोळीत पेरलेला पोलीस आणि पोलिसांत पेरलेला टोळीचा माणूस, अशी ती गोष्ट. कोण कुठला हे आपल्याला सुरुवातीलाच दाखवून टाकलंय. त्यामुळे पुढे नुसता फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. त्यावरून बेतलेला ‘द डिपार्टेड’ २००६ मध्ये आला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. प्रेक्षकाला आधी सगळं सांगून टाकलं, म्हणून या गोष्टीचं काहीच बिघडलं नाही.

हे तुझ्याच पटकथेवर करून बघ. बाराव्या पानावर तू फार सुंदर सीन लिहिला आहेस. आठ वर्षांचा जगन पोहायला शिकतोय. आबाने त्याच्या पोटाखाली हात धरलाय, तोंडाने ‘पाय मार, पाय मार’ चाललंय, आणि कधीतरी तो हात हळूच काढून घेतो. पोराला कळतही नाही की आता आपण एकटेच तरंगतोय. सध्या हा सीन गोड आहे आणि विसरला जातो. आता त्याच्या आधी चार पानांवर आपण आबाला जगनच्या वडिलांचा गळा त्याच हाताने आवळताना पाहिलंय असं समज. संवादात काहीही न बदलता तोच सीन वाच. मी वाचला. हात काढून घेतो त्या क्षणी मला श्वास धरावा लागला.

आता टोळीबद्दल. तुझ्या पटकथेत आबा जगनला ‘तू माझा मुलगाच आहेस’ असं सात वेळा म्हणतो. एकदाही म्हणायची गरज नाही. टोळीला नात्यांची भाषा का लागते याचा विचार कर. धंदा बेकायदा असला की पैसे बुडाले म्हणून कोर्टात जाता येत नाही, करार कागदावर करता येत नाही, फसवणुकीची तक्रार पोलिसांत देता येत नाही. मग उरतं ते इमान आणि भीती. ते इमान पक्कं करायला टोळ्या घराची रूपं उसनी घेतात. इटलीच्या सिसिली बेटावरच्या माफियात नव्या माणसाचं बोट टोचून रक्त काढायचे, ते संताच्या चित्रावर लावून ते चित्र त्याच्या तळहातावर जाळायचे. दगा दिला तर मी असाच जळेन, ही शपथ. जपानमधल्या याकुझा टोळ्यांत प्रमुख बापाच्या जागी आणि शिपाई मुलाच्या जागी. साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा पेला दोघांनी प्यायला की नातं पक्कं. पुढे चूक झाली तर माफी मागायला स्वतःच्या करंगळीचं पेर कापून द्यायची रीत होती.

हे विधी पडद्यावर छान दिसतात, पण तुझ्या सिनेमाला मी त्याहून साधी गोष्ट सुचवेन. टोळीचा माणूस तुरुंगात गेला की त्याच्या घरी दर महिन्याला पैसे पोचतात. माफियात हे चालत आलंय आणि टोळीची सगळी पत त्यावर उभी असते, कारण आत बसलेल्या माणसाचं तोंड त्यामुळेच बंद राहतं. तुझ्या सिनेमात ते पाकीट पोचवायचं काम जगनकडे दे. दर महिन्याला एकच दार, एकच बाई, मागे अभ्यास करणारी तिची मुलगी. बाई पाकीट उघडून मोजत नाही. एका महिन्यात आबा सांगतो, आता त्या घरी द्यायची गरज नाही. जगन काही बोलत नाही आणि पुढच्या पहिल्या तारखेला स्वतःच्या खिशातून पाकीट भरून नेतो. त्या दिवशी ती बाई पहिल्यांदाच नोटा मोजते. झालं. निष्ठा काय असते, टोळी ती कशी मोडते आणि आबाचा जगन हा आबापेक्षा किती वेगळा माणूस झालाय, हे सगळं एका दारात उभ्या उभ्या कळलं. तुझी सात वाक्यं आता खुशाल काढून टाक.

विश्वासघाताकडे येते. तुझ्या पटकथेत गद्दार म्हणजे गद्दार. पार्श्वसंगीत बदलतं, डोळे बारीक होतात, केसाने गळा कापून मोकळा. पण दगा देणाऱ्याला स्वतःला तो दगा वाटत नसतो. तोमासो बुशेता हा सिसिलियन माफियाचा माणूस १९८४ पासून न्यायाधीश जोव्हानी फाल्कोने यांच्यापुढे बोलू लागला. त्याच्या साक्षीवर बऱ्याच अंशी उभा राहिलेला, सिसिलीतल्या पालेर्मो शहरातला महाखटला १९८६ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तीनशेहून जास्त लोकांना शिक्षा झाली. माफियाच्या दृष्टीने याच्याएवढा फितूर दुसरा नाही. पण त्याआधी माफियातल्याच कोर्लेओने गावच्या गटाने त्याचे दोन मुलगे आणि भाऊ संपवले होते. आणि तो शेवटपर्यंत हेच म्हणत राहिला की संघटनेची तत्त्वं त्यांनी मोडली, मी नाही. आपणच खरे निष्ठावान, ही त्याची मनापासूनची समजूत.

मग तुझा आबा बघ. त्याने जगनच्या बापाला का मारलं? तू लिहिलंयस ‘सत्तेसाठी’. हे कारण नव्हे, ही पाटी आहे. आबाच्या मते त्या मित्राने आधी त्याला फसवलं असेल. किंवा मारलं नसतं तर दोन्ही घरं उद्ध्वस्त झाली असती, असं तो आजही धरून चालत असेल. जगनला घरी आणताना त्याने स्वतःला काय सांगितलं, ते मला ऐकायचंय. त्या उत्तरात थोडं खरं आणि थोडं सोयीचं, दोन्ही असू दे. जगनला ते ऐकून आबाचा तिरस्कार करणं सोपं जायला नको.

विकीवर तर तू अन्यायच केला आहेस. बाप सख्ख्या मुलापेक्षा आणलेल्या मुलाला जवळ करतो, आणि तो मुलगा वीस वर्षं हसतमुख? ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात (१९७४) फ्रेडो धाकट्या भावाला दगा देतो. त्यामागे पैशाहून मोठी ठणक आहे: मी थोरला असून मला ओलांडून गेलात. विकीच्या वाट्याला ती ठणक दे. मग टोळीतली पहिली फितुरी विकीकडून होईल, आणि तिचा आळ जगनवर येईल, कारण तो शेवटी बाहेरचा. ‘बाहेरचा’ हा शब्द आबाच्या तोंडून एकदाच येऊ दे, रागाच्या भरात. बोलून गेल्यावर आबाचाच चेहरा पडला पाहिजे.

आणि दगा उघड झाल्यावर आरडाओरडा लिहू नकोस. ‘डॉनी ब्रॅस्को’ (१९९७) हा एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या जो पिस्टोन या अधिकाऱ्याच्या खऱ्या कामगिरीवर आहे. हा माणूस १९७६ ते १९८१ न्यूयॉर्कच्या माफियात नाव बदलून राहिला. त्याला टोळीत आणणारा, त्याच्यासाठी शब्द टाकणारा लेफ्टी. सिनेमात शेवटी लेफ्टीला बोलावणं येतं. बोलावणं कशाचं ते त्याला कळतं. तो अंगावरचे दागिने, घड्याळ काढून खणात ठेवतो, खण बायकोला दिसेल असा जरा उघडा सोडतो आणि निघतो. ज्या पोराला मुलासारखं मानलं त्याने घात केला, हे सगळं त्या उघड्या खणात आहे. तुझा आबासुद्धा असंच काहीतरी हाताने करेल. काय, ते तू शोध. तो तुझा माणूस आहे.

आता फाइट्स. सातही सलग वाचल्या. गोदामातली आणि बंदरावरची अदलाबदल केली तरी गोष्टीला पत्ता लागत नाही. अशा फाइटवर पैसे खर्च होतात, शूटिंगचे दिवस जातात आणि प्रेक्षक फोन बाहेर काढतो. चार ठेव. प्रत्येक फाइट संपल्यावर कुणाचं तरी कुणाशी असलेलं नातं बदललेलं असलं पाहिजे, एवढी एकच अट. आणि ठोसे मोजून लिहू नकोस. उजवा हुक, मग किक, मग टेबल तुटतं, ते सगळं फाइट मास्टर तुझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बसवतील. त्यांना लेखकाकडून हवं असतं ते वेगळं: जागा कशी आहे, दार कुठे आहे, कोण कुणाला मारू शकतो पण मारत नाही, आणि आधीच्या फाइटची जखम अजून कुठे ठसठसतेय. तुझ्या तिसऱ्या फाइटमध्ये जगनचा खांदा निखळतो आणि चौथीत तो त्याच हाताने माणूस उचलून फेकतो. हे आधी दुरुस्त कर.

एक सुचवते, आवडलं तर घे. लहानपणी विकीला वाचवताना जगनच्या डाव्या डोळ्याला मार लागलाय, त्या बाजूचं त्याला नीट दिसत नाही. टोळीबाहेर कुणाला माहीत नाही. तेव्हापासून कुठेही उभे राहिले तरी विकी जगनच्या डावीकडे. जेवायला, गाडीत, मारामारीत. यावर सिनेमात कुणी अवाक्षर काढायचं नाही. पहिल्या फाइटमध्ये हे नुसतं दिसू दे: डावीकडून येणारा प्रत्येक वार विकी अंगावर घेतो. मध्यंतराच्या फाइटमध्ये विकी क्षणभर जागेवर नसतो आणि सुरी डावीकडून लागते. चुकून की मुद्दाम, ते जगनला कळत नाही, आपल्यालाही नाही. तिसऱ्या फाइटमध्ये दोघे समोरासमोर. विकीला जगनची आंधळी बाजू माहीत आहे. तो डावीकडून येतो की नाही, यावर अख्खी फाइट लिही. संवाद नकोच.

निर्मात्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. प्रेक्षक घरी जाताना त्याला नायक शेवटी कुणाचा ठरला हे कळलं पाहिजे, एवढंच ते सांगतायत आणि ते बरोबर आहे. फक्त त्याचं उत्तर रक्त असलंच पाहिजे असं नाही. तुझ्या काकाकडे नीट बघ. एकशे चौदाव्या पानावर तो जगनला मिठी मारून म्हणतो, ‘तू कुठे आहेस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, योग्य वेळेची वाट बघत होतो.’ तू ही ओळ लिहून पुढे निघून गेलास. मी तिथेच अडकले. माहीत होतं? मग वीस वर्षं हा होता कुठे? पोराला ताप येत होता, पोर पोहायला शिकत होतं, पोर पहिल्यांदा कुणाचं तरी रक्त बघून ओकलं, तेव्हा हा योग्य वेळेची वाट बघत होता? जगनने हा प्रश्न काकाला विचारलाच पाहिजे. आणि काकाने खऱ्या घरात घेण्याची किंमत म्हणून विकीचा जीव मागितला पाहिजे. म्हणजे जगनला दिसेल की रक्ताच्या घरीही टोळीच आहे.

मग तो करतो काय? ‘दीवार’ (१९७५) मधली आई आठव. पोलीस झालेल्या मुलाला ती आशीर्वाद देऊन, तस्करीत गेलेल्या दुसऱ्या मुलाच्या पाठीवर धाडते, आणि मग आई म्हणून त्या दुसऱ्याची वाट बघायला देवळात जाते. दोन्हीकडचं देणं तिने चुकवलं. कर्णानेही तेच केलं. दुर्योधनाला सोडलं नाही, पण कुंतीला शब्द दिला की अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, तुझे पाच मुलगे पाचच राहतील. जगनवरही दोन देणी आहेत. बापाच्या खुनाला न्याय मिळाला पाहिजे आणि आबाच्या मिठाला जागलं पाहिजे. आबाला गोळी घालून पहिलं देणं फिटेल, दुसरं बुडेल. तसाच गप्प बसला तर उलट.

मला असं दिसतं: जगन आबाविरुद्ध साक्ष द्यायला तयार होतो. ज्याने वाढवलं त्याच्याविरुद्ध, त्याच्या डोळ्यांत बघून. पण काकाला आबा जिवंत नकोय, कोर्टात पोचायलाच नकोय. मग चौथी फाइट ही, कोर्टाच्या वाटेवरची. जगनला आपल्या बापाच्या खुन्याला आपल्याच सख्ख्या काकाच्या माणसांपासून वाचवायचंय, आणि ते कशासाठी, तर आपल्याच तोंडून त्याला शिक्षा व्हावी म्हणून. यात निर्मात्यांना हवी तेवढी ॲक्शन बसेल. विकी त्या वेळी कुठे उभा आहे, ते तू ठरव.

एक बारीकशी जागा सांगून ठेवते, कारण ती तुझ्या हातातून निसटली आहे. तेविसाव्या पानावर जगनला पहिल्यांदा अटक होते. हवालदार पूर्ण नाव विचारतो. आपल्याकडे पूर्ण नावात बापाचं नाव येतंच, आणि तू नेमकं तिथे कट केलं आहेस. ते नाव त्याला उच्चारायला लाव. आणि साक्षीच्या वेळी पुन्हा.

आता तुझा शेवटचा प्रश्न.

बाराव्या पानावरचा पोहण्याचा सीन मामांचा आहे, असं मला वाटतं. इतका नेमका तो उगाच येत नाही. तुझ्या पटकथेतला बाप मात्र पहिल्या पानाआधीच मेलेला आहे आणि देवासारखा निर्दोष आहे. तसं का झालं असेल, यावर तू एकट्याने विचार कर, मला कळवायची गरज नाही. एवढंच सांगेन की गेलेल्या बापाशी कधी भांडण होत नाही, आणि जगनचं आपल्या बापाशी थोडं भांडण असतं तर तो मला जास्त कळला असता. काकाला विचारायचा तो ‘कुठे होतास’चा प्रश्न लिहिताना तुला जड जाईल. तरी लिही. पण तो जगनचा प्रश्न म्हणून लिही. तुझ्या वडिलांना काही विचारायचं असेल तर ते सिनेमातून विचारू नकोस, त्यांच्यापर्यंत ते तसं कधीच पोचणार नाही.

मामांना दाखव. निर्मात्यांकडे पुढचा खर्डा जायच्या आधी दाखव, पण एकशे वीस पानं हातात देऊन ‘वाचून सांगा’ म्हणू नकोस. पटकथा वाचायची सवय नसलेल्या माणसाला त्यात नुसते गुंड आणि खून दिसतील, आणि मग ते रात्रभर एकाच गोष्टीचा विचार करत बसतील: हा आबा म्हणजे मी का? ज्याने दुसऱ्याचं पोर वाढवलं त्याच्या मनात हा प्रश्न येणारच. म्हणून समोर बसून तोंडाने गोष्ट सांग. खून, टोळी हे सगळं रचलेलं आहे, हे आधी सांग. मग पोहायचा सीन सांग आणि हा तुमच्याकडून घेतलाय हेही सांग. ते गप्प राहिले तर तूही राहा, लगेच विचारू नकोस की कसं वाटलं.

आणि ते म्हणाले की घरातलं असं चारचौघांत मांडू नकोस, तर? तर त्यांना नेमकं काय खुपतंय ते विचार. बहुतेक एखादी खूण असेल, एखादं वाक्य, एखादी सवय, ज्यावरून ओळखीचे लोक त्यांना ओळखतील. ती काढ, कुरकुर न करता काढ. पोहण्याऐवजी सायकल कर, काहीही कर. पण जगन वाढवणाऱ्याचं देणं मानतो हा गाभा त्यांच्या संकोचासाठीही सोडू नकोस, आणि निर्मात्यांच्या आग्रहासाठी तर मुळीच नाही.

पुढच्या खर्ड्याची पहिली चाळीस पानं झाली की पाठव. सगळी नकोत, चाळीसच.

तुझी ताई